मदत हवी आहे: टाचण्यांची जोडी पाच-पाच तास सुटत नाही, माझ्या नोंदी चुकल्यात का?

घाईत_आहे
सोमवारी सबमिशन आहे, त्यामुळे नमस्कार-चमत्कार नंतर. एमएस्सीचा प्रबंध, विषय टाचण्यांमधली (चतुरासारखे बारीक उडते कीटक) लैंगिक निवड, म्हणजे जोडीदारासाठीची चढाओढ. वेज या शास्त्रज्ञाने १९७९ मध्ये दाखवलं की मीलनात नर आधी मादीच्या शरीरातले जुन्या नराचे शुक्राणू खरवडून काढतो आणि मग स्वतःचे सोडतो. सगळं दोनेक मिनिटांत. माझ्या वहीत सगळ्यात लहान मीलन ३८ मिनिटं, सगळ्यात लांब ५ तास १० मिनिटं! गाइड म्हणतात, घड्याळ बघायला शिक. आलेख म्हणजे चुरमुरे सांडल्यासारखे ठिपके. काय करू?

रानवाटा
कुठली टाचणी? कुठे? किती वाजता? "गाडी आवाज करते, काय करू" असा प्रश्न झाला हा.

घाईत_आहे
टाचणी म्हणजे टाचणी, चतुर नव्हे. गोव्यात आहे, प्रोफाइलवर लिहिलंय.

माडवाला
टाचणीचं माहीत नाही, पण आमच्या केपेंच्या भाटात गेंड्या भुंग्याने उच्छाद मांडलाय. शिंग नराला लांब, मादीला आखूड. शिंगानेच माडाचा कोंब पोखरतो मेला. कामगंध सापळा लावा, नर-मादी दोन्ही पडतात.

जुनाजाणता
माडवाला, पोखरतो तो जबड्याने. शिंगं नरांच्या आपसातल्या झुंजीची. डार्विनलासुद्धा १८७१ मध्ये ती नुसती शोभा वाटली होती, कारण झुंजीच्या खुणा त्याला सापडल्या नाहीत. शेणातल्या शिंगवाल्या भुंग्यांत मोठा नर बिळाच्या तोंडाशी पहारा देतो, आणि बिनशिंगाचा लहान नर बाजूने दुसरं बीळ खणून थेट मादीपाशी पोचतो.
बाकी मूळ प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. बेटमनचा १९४८ चा फळमाश्यांवरचा प्रयोग. नराला जितक्या माद्या तितकी पिल्लं, मादीला तसं नाही. म्हणून नर सोडत नाही. विषय संपला.

मिरामारची_हवा
काका, संपला नाही. २०१२ मध्ये गोवाटी आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा बेटमनच्या पद्धतीतच खोट निघाली. ज्या पिल्लांवरून आईबाप ओळखायचे, त्यांतली आई आणि बाप दोघांचीही खूण असलेली पिल्लं आधीच मरत होती. आणि मादी काही रिकामी कळशी नव्हे. कुणाचे शुक्राणू वापरायचे यात तिचाही हात असतो.

जुनाजाणता
मी मादीला कळशी कुठे म्हटलं? शब्द तोंडात घालू नका.

रानवाटा
दोघंही थांबा, पोरीचा सोमवार जवळ येतोय. घाईत_आहे, फोटो टाक. आणि सांग: नराने मानेला नुसतं धरलंय तेव्हापासूनची वेळ, की दोघांच्या शरीरांचा बदामाचा आकार होऊन मीलन सुरू झाल्यापासूनची? जोडी जुळताना पाहिलीस की जुळलेली सापडली?

घाईत_आहे
बदाम झाल्यापासून. पण बऱ्याच जोड्या जुळलेल्याच सापडल्या, दिसली की स्टॉपवॉच चालू. जागा मानशीजवळचा (मानस म्हणजे भरतीचं पाणी अडवायचं दार) बांध, खाजनातलं (खाडीकाठची बांध घातलेली खारी जमीन) साचलेलं पाणी. हा घ्या फोटो.

रानवाटा
मानस! हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं ना गं. मी आपला सत्तरी तालुक्यातले व्हाळ, म्हणजे वाहते ओढे, डोळ्यांपुढे आणून बसलो होतो. हिरव्या पट्ट्यांची छाती, शेपटीच्या टोकाजवळ निळा ठिपका, मचूळ पाण्यावर मजेत. ही इश्नुरा सेनेगलेन्सिस. वेजची टाचणी कॅलोप्टेरिक्स, वाहत्या झऱ्यावरची. तिच्यात नर जागा राखतो, मीलन झटपट उरकतो आणि मादी अंडी घालताना शेजारी पहारा देतो. इश्नुराची मादी अंडी घालायला एकटीच जाते. पहारा नाही, म्हणून नर मीलनच लांबवतो. मध्ये दुसरा घुसायला वावच नको. इश्नुरांत तासन्‌तास मीलन ही नेहमीची गोष्ट आहे. घड्याळ बरोबर आहे तुझं.
आता आडव्या अक्षावर मीलन सुरू झाल्याची वेळ घे. सकाळी जुळलेल्या जोड्या लांब चालतात, दुपारच्या आटोपशीर, कारण अंडी घालायची वेळ जवळ आलेली असते. आणि जुळलेल्या सापडल्या त्या जोड्यांची वेळ "किमान इतकी" म्हणून वेगळ्या खुणेने दाखव. तुझी ३८ मिनिटं त्यांतलीच असणार, पैज लावतो.

मिरामारची_हवा
+१. पार्करचा १९७० चा लेखही बघ, कीटकांतल्या शुक्राणू-स्पर्धेवरचा. त्याच्या शेणमाशीतही मीलन किती लांबवायचं याचा नराला हिशेब करावा लागतो. जास्त वेळ थांबलं तर जास्त अंडी आपली, पण पुढची मादी हुकते.

घाईत_आहे
३८ वाली जुळलेलीच सापडली होती 🙈 बाकी कळलं. पण गाइडना "पहारा" पटणार नाही, ते पुरावा मागतात. आणि सात नोंदी मी काढून टाकल्यात, त्या नर-नर जोड्या होत्या. त्याचं काही नाही ना?

रानवाटा
काय?! परत घाल आधी. या जातीत काही माद्या हुबेहूब नराच्या रंगाच्या असतात. नरांच्या ससेमिऱ्यातून सुटायला हे सोंग, असं बऱ्याच जणांचं मत आहे. तुझ्या प्रबंधातली सगळ्यात मजेची पानं तू कचऱ्यात टाकलीस. रंगावर जाऊ नकोस. पोटाच्या दुसऱ्या खंडाखाली फुगवटा असेल तर नर, टोकाजवळ खालून अंडी घालायची जाड सुई असेल तर मादी. आणि बदाम पुरा झाला असेल तर खालची मादीच, हे तर उघड आहे.

मिरामारची_हवा
अवांतर: हा बांध कुठला? आमच्याकडचं खाजन मातीने भरतायत. पुढच्या बॅचला टाचण्या मिळायच्या का?

सावंतवाडीकर
खाजनात डास फार असतात. पाण्यात गप्पी मासे सोडा.

घाईत_आहे
सातांतल्या पाचांचे फोटो मिळाले. चारांत सुई दिसतेय, पाचवा हलला आहे. गाइडना फोन लावते. बांध कुठला ते इथे सांगत नाही.

माडवाला
कामगंध सापळ्याचं कुणीच बोललं नाही. हवा असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.