लष्करी ताब्याचा अभ्यास: कुठल्या विषयातलं काय वाचावं?

मोरपंखी_शाई
नमस्कार मंडळी. राज्यशास्त्रात एमए झालंय, संशोधनाच्या प्रस्तावासाठी परक्या फौजेच्या ताब्याखालच्या प्रदेशांवर वाचतेय. अडचण अशी की प्रत्येक विषयाची तऱ्हाच वेगळी. वकिलांकडे गेलं की नुसती कलमं, इतिहासकारांकडे फितुरी आणि प्रतिकार, आणि आरोग्यवाल्यांचे तक्ते तर डोक्यावरून जातात. सुरुवात कुठून करू? कुणाची तरी तळी उचलणारं नकोय, अभ्यासाची पद्धत कळेल असं सुचवा.

जुनी_बखर
सिद्धांत तूर्त राहू द्या. एकच ताबा निवडा आणि त्यावर तीन-चार विषयांतलं वाचा. मला विचाराल तर 1940 ते 1944 चा फ्रान्स घ्या. कागदही भरपूर, भांडणंही भरपूर.

आधी रॉबर्ट पॅक्स्टन यांचं 'विशी फ्रान्स' (1972). फ्रेंच सरकारी दफ्तरं तेव्हा बंद होती, म्हणून त्यांनी जप्त झालेल्या जर्मन कागदांवर काम केलं. त्यातून दिसलं की विशी सरकार, म्हणजे पराभवानंतर विशी गावातून चाललेलं फ्रेंच सरकार, नुसतं दबावाखाली वाकत नव्हतं, सहकार्याचे प्रस्ताव आपणहून घेऊन जात होतं. फ्रान्समध्ये त्यावरून गदारोळ झाला, आणि तो होणारच होता.

मग त्याच काळाचा आर्थिक इतिहास. शस्त्रसंधीनंतर जर्मनीने ताब्याचा खर्च म्हणून फ्रान्सवर रोज 2 कोटी मार्क बसवले आणि दर ठरवला एका मार्कला 20 फ्रँक. हा दर मुद्दाम मार्कच्या फायद्याचा, चढा ठेवलेला. आता जर्मन शिपाई पॅरिसच्या दुकानात शिरतो, रोख पैसे मोजून कापड घेतो, दुकानदारही खूश. चोरी कुठे झाली? पोलिसांच्या वहीत नाही, दुकानदाराच्या आठवणीतही नाही. सापडते ती बँक ऑफ फ्रान्सने सरकारला दिलेल्या उचलींच्या हिशोबात, कारण शिपायाने मोजलेला पैसा ताब्याचा खर्च म्हणून फ्रान्सनेच भरलेला. फक्त आठवणी गोळा करणाऱ्याच्या हाती हे लागणंच कठीण.

कलमकसाई
कायदा टाळू नका, वाटतो तेवढा रुक्ष नाही. 1907 च्या हेग नियमावलीतली 42 आणि 43 ही कलमं अर्ध्या पानात संपतात. प्रदेश शत्रुसैन्याच्या प्रत्यक्ष अंमलाखाली आला की ताबा झाला. आणि अगदीच अशक्य नसेल तर तिथले चालू कायदे पाळायचे. त्याला 1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम 49 जोडा: आपले नागरिक तिथे नेऊन वसवायचे नाहीत. वेस्ट बँकेतल्या इस्रायली वसाहतींचा वाद त्याच कलमाभोवती फिरतो.

मग 2003 चा इराक बघा. सुरक्षा परिषदेच्या 1483 व्या ठरावात अमेरिका आणि ब्रिटनला ताबा घेतलेल्या सत्ता म्हटलंय. आणि तिथल्या हंगामी प्रशासनाने इराकी फौज बरखास्त केली, परकीय गुंतवणुकीचे नियमही बदलले. हे कलम 43 मध्ये बसवायचं कसं? एयाल बेन्व्हेनिस्ती यांचा ताब्याच्या कायद्यावरचा ग्रंथ जाडजूड आहे. 2012 ची दुसरी आवृत्ती घ्या आणि थेट इराकवर जा.

नाडीपरीक्षा
आरोग्याच्या तक्त्यांना घाबरू नका. जर्मन ताब्यातला 1944-45 चा डच 'भूक-हिवाळा' घ्या. नेदरलँड्सच्या पश्चिम भागातल्या शहरांत माणशी रेशन दिवसाला 1000 कॅलरींच्याही खाली गेलं. उपासमार कधी सुरू झाली, कधी संपली हे ठाऊक, जन्मनोंदी शाबूत, वर 18-19 वर्षांच्या मुलांच्या लष्करभरतीच्या तपासण्यांच्या नोंदीही आहेत. त्यामुळे आईच्या पोटात असताना कुठल्या महिन्यांत उपास घडला, यानुसार माणसांचे गट पाडता आले. साखर पचवण्यातला बिघाड, स्किझोफ्रेनिया यांच्याशी संबंध दिसला. उलट भरतीच्या वेळच्या बुद्धिचाचण्यांत फरक दिसलाच नाही. हा निकालही वाचा, लोक तो सोयीस्करपणे गाळतात.

मोरपंखी_शाई
हे भारी आहे! पण हा उपासमारीचा अभ्यास झाला ना? ताब्याचा कसा?

नाडीपरीक्षा
उपासमारीचाच. सप्टेंबर 1944 मध्ये लंडनमध्ये आसरा घेतलेल्या डच सरकारच्या सांगण्यावरून रेल्वे कर्मचाऱ्यांनी संप केला, त्याचा सूड म्हणून जर्मनांनी अन्नवाहतूक अडवली. बंदी सैल झाली तोवर थंडीने कालवे गोठायला लागले होते. यात कुणाचा वाटा किती, हे कॅलरींचा तक्ता सांगत नाही. त्यासाठी जुनी_बखर यांच्याच दारी जावं लागेल.

ओटीवरचा
मानववंशशास्त्र राहिलंच की. तिथे मोठा प्रश्न असा की तुम्हाला आत जायचा परवाना देतं कोण? ताबा घेणारी फौजच. अमेरिकी सैन्याने 2007 पासून इराक-अफगाणिस्तानात समाजशास्त्रज्ञांना तुकड्यांबरोबर नेलं. 'ह्यूमन टेरेन सिस्टिम' नावाने शोधा. अमेरिकी मानववंशशास्त्र संघटनेच्या कार्यकारी मंडळाने त्याच वर्षी विरोध नोंदवला: माहिती देणाऱ्या माणसाचा जीव त्याच माहितीने धोक्यात आला तर? प्रत्यक्ष क्षेत्रकार्य करणार असाल तर हा वाद आधी वाचा, बाकी सगळं नंतर.

मोरपंखी_शाई
फ्रान्सचं पक्कं. तुलनेसाठी 1945 ते 1952 चा, अमेरिकी अंमलाखालचा जपान घेऊ का? 'यशस्वी' म्हणून सगळीकडे त्याचंच नाव येतं.

जुनी_बखर
घ्या, पण जपून. इराकच्या वेळी हाच दाखला उठसूट दिला गेला. जपानात सम्राट गादीवर राहिला, नोकरशाही बऱ्यापैकी जागेवर राहिली; इराकमध्ये दोन्ही आघाड्यांवर उलटा कारभार. यशापेक्षा तिथली सेन्सॉरशिप वाचा, जास्त हाती लागेल. एकीकडे नव्या राज्यघटनेत अभिव्यक्तिस्वातंत्र्य, दुसरीकडे अमेरिकी अधिकाऱ्यांची काटछाट, आणि काटछाट झाली हे छापायलाही मनाई. तपासणीसाठी आलेले 1945 ते 1949 चे अंक, पुस्तकं, मुद्रितं मेरीलँड विद्यापीठातल्या प्रांगे संग्रहात आहेत, काहींवर सेन्सॉरच्या खुणांसकट. जपानी येत नसेल तरी चालेल, सेन्सॉरचे बरेच शेरे इंग्रजीत आहेत.