फ्रिजच्या डिस्पेन्सरची धार बारीक : दोष व्हॉल्व्हचा की दाबाचा?

प्रश्न

आमचा फ्लॅट पुण्यातील एका सात मजली इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. फ्रिजला स्वयंपाकघरातील सिंकखालच्या अँगल कॉकपासून पाव इंची नळी जोडलेली आहे. डिस्पेन्सरची धार जोडणी केल्यापासूनच बारीक असून एक पेला भरायला जवळजवळ मिनिटभर लागते, आणि बर्फाचे तुकडेही लहान व आतून पोकळ निघतात. नवा फिल्टर बसवूनही फरक पडला नाही. तपासणीस आलेल्या तंत्रज्ञाने फ्रिजचा इनलेट व्हॉल्व्ह (पाणी आत घेणारी झडप) बदलण्यास सांगितले आहे, पण तो भाग बराच महाग आहे. बाथरूममधील शॉवरला उत्तम जोर असल्यामुळे घरातच दाब कमी असेल असे वाटत नाही. व्हॉल्व्ह बदलण्यापूर्वी काय तपासावे?

प्रतिसाद १

व्हॉल्व्हला तूर्त हात लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. धार पूर्वी चांगली होती आणि नंतर मंदावली, असे असते तर फिल्टर तुंबणे, फ्रिज मागे सरकवताना नळी दुमडणे किंवा फ्रीझरच्या दारातील नळीत पाणी गोठणे या शक्यता आधी पाहिल्या असत्या. आपल्याकडे ती सुरुवातीपासूनच बारीक आहे आणि बर्फही पोकळ निघतो आहे. ही दोन्ही लक्षणे फ्रिजपर्यंत पोहोचणाऱ्या पाण्याच्या दाबाकडे बोट दाखवतात.

गच्चीवरील टाकीतून नुसत्या उताराने येणाऱ्या पाण्याचा दाब उंचीवर ठरतो. दर दहा मीटर उंचीमागे तो सुमारे १ बार, म्हणजे साधारण १४ पीएसआय (दोन्ही दाबाची एकके), इतका वाढतो. वरच्या मजल्यावरील फ्रिज टाकीतील पाण्याच्या पातळीखाली जेमतेम चार-पाच मीटरवर असणार, तेव्हा तेथे सहा-सात पीएसआयच मिळतील. अनेक फ्रिजच्या माहितीपुस्तिकांत किमान २० पीएसआय दाब मागितलेला असतो, काहींत त्याहूनही जास्त. आपली पुस्तिका एकदा पाहावी. तोच फ्रिज त्याच टाकीवर तिसऱ्या मजल्यावर विनातक्रार चालू शकेल.

तपासताना एक गफलत हमखास होते. फ्रिजमागची नळी काढून बादलीत सोडली की पाणी बऱ्यापैकी पडते आणि दाब ठीक आहे असे मानले जाते. परंतु उघड्या तोंडातून पाणी पडायला फारसा दाब लागत नाही. फिल्टरची दाट जाळी, व्हॉल्व्ह आणि दारापर्यंतची लांब बारीक नळी हे सगळे पार करायला तो लागतो. म्हणून प्लंबरकडून फ्रिजच्या तोंडाशी टी (तीन तोंडांचा जोड) बसवून प्रेशर गेज (दाबमापक) लावावा आणि डिस्पेन्सर बंद असताना व चालू असताना, असे दोन्ही आकडे पाहावेत. त्यानंतर फिल्टर काढून त्याच्या जागी कंपनीचा बायपास प्लग (फिल्टरविना पाणी पुढे जाऊ देणारे बूच) लावून धार पाहावी.

शॉवरवरून मात्र काहीही ठरवू नये. अनेक इमारतींत वरच्या मजल्यांसाठी गच्चीवर प्रेशर पंप असतो, पण तो केवळ बाथरूमच्या लाइनवर असतो. स्वयंपाकघरातील पिण्याच्या पाण्याची लाइन वेगळ्या टाकीतून थेट उतरते.

प्रश्नकर्ता

आपला तर्क बरोबर निघाला. सोसायटीच्या प्लंबरने गच्चीवर नेऊन दोन्ही लाइन दाखवल्या. पंप बाथरूमच्याच लाइनवर आहे. गेजवर डिस्पेन्सर बंद असताना सहा पीएसआय दिसले आणि चालू करताच काटा तीनच्याही खाली आला. बायपास प्लग लावल्यावर धार किंचित वाढली, पण समाधानकारक नाही. आता घरातील आरओच्या टाकीतून फ्रिजला पाणी दिले तर काम होईल का?

प्रतिसाद २

भिंतीवरच्या नेहमीच्या आरओमधून देऊ नये. त्याची टाकी साधी असते, तिच्यातील पाणी स्वतःच्या वजनानेच नळातून पडते आणि फ्रिजला आज मिळतो त्याहूनही कमी दाब मिळेल.

पिण्याच्या लाइनसाठी स्वतंत्र प्रेशर पंप बसवण्याचा प्रस्ताव सोसायटीपुढे ठेवणे हा उत्तम मार्ग, कारण वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांनाही त्याचा उपयोग होईल. ते शक्य नसेल तर फ्रिजच्या नळीवर छोटा बूस्टर पंप बसवता येतो. त्याला दाब वाढताच मोटर थांबवणारा हाय प्रेशर स्विच आणि टाकी रिकामी असताना ती कोरडी चालू न देणारा लो प्रेशर स्विच, हे दोन्ही हवेतच. आरओमध्ये वापरतात तशा पंपाची धार स्वभावतः मंद असते, त्यामुळे पुढे रबरी पडद्याची छोटी प्रेशर टाकी जोडावी; तिच्यात दाबाखाली साठलेल्या पाण्याने पेला लवकर भरतो आणि मोटर प्रत्येक वेळी चालू-बंद होत नाही. स्विचचा दाब पुस्तिकेतील कमाल मर्यादेच्या बराच खाली ठेवावा.

इनलेट व्हॉल्व्हविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. अशा व्हॉल्व्हमधला पडदा घट्ट मिटायलाही पाण्याच्या दाबाचीच मदत घेतो, त्यामुळे कमी दाबावर नवा व्हॉल्व्हसुद्धा थेंब थेंब गळू शकतो. पंप बसल्यावर आठ-दहा लिटर पाणी डिस्पेन्सरमधून सोडून नळीतील हवा काढून टाकावी आणि बर्फाचे पहिले काही ट्रे टाकून द्यावेत. त्यानंतरही, गेजवर पुरेसा दाब दिसत असताना, धार बारीकच राहिली किंवा गळती सुरू राहिली, तरच व्हॉल्व्ह बदलावा.