आदर्कीच्या घाटात गाड्या पाहण्यासाठी कुठे आणि केव्हा जावे?

प्रश्न : कोरेगावकर

नमस्कार. माझ्या अकरा वर्षांच्या पुतण्याला रेल्वेचे विलक्षण वेड आहे. कोरेगावच्या फलाटावरून आम्ही पुष्कळ गाड्या पाहिल्या, पण तिथे त्या सरळ येतात आणि निघून जातात. चढावर इंजिनाला काय कष्ट पडतात हे त्याला प्रत्यक्ष पाहायचे आहे. दिवाळीच्या सुट्टीत एक पूर्ण दिवस त्याच्यासोबत घाटात घालवावा असे मी ठरवले आहे. कर्जत-लोणावळ्याच्या बोरघाटात वर्दळ फार मोठी असते हे मला ठाऊक आहे. परंतु लोणंद आणि वाठार स्टेशन यांच्या मधला आदर्कीचा घाट आम्हाला घरापासून जवळ पडतो. दोहोंपैकी कोणता निवडावा, आणि आदर्कीला गेलो तर नेमके काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : घाटमाथा

आपण निःशंकपणे आदर्कीला जावे. बोरघाटाचा चढ 37 मीटरला 1 मीटर, म्हणजे अतिशय तीव्र आहे. तेथे कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी इंजिने जोडतात, आणि उतरणाऱ्या गाड्यांना ब्रेकची खात्री करून घेण्यासाठी घाटातच थांबवतात. हे सारे पाहण्यासारखे आहे, पण ते गाडीत बसून पाहावे. दरीत आणि जंगलात असलेल्या त्या रुळांपर्यंत लहान मुलाला घेऊन जाणे योग्य नाही. आदर्कीचे डोंगर त्या मानाने उघडे आहेत. सातारा-लोणंद रस्ता याच घाटातून जात असल्यामुळे रुळांपासून दूर, उंचावर सुरक्षित जागा मिळते आणि वळणे घेत येणारी गाडी बराच वेळ नजरेत राहते.

ही वळणे का आहेत, हे पुतण्याला तिथेच उभे करून समजावून सांगा. नीरेच्या खोऱ्यातून निघालेली गाडी महादेव डोंगररांग ओलांडून कृष्णेच्या खोऱ्यात उतरते. ही उंची सरळ रेषेत गाठायची म्हटली तर चढ फार उभा होईल. म्हणून लोहमार्ग डोंगराच्या कडेकडेने फिरवून त्याची लांबी वाढवलेली असते. वळणावर चाके रुळाला घासून गाडीला जास्त विरोध होतो, त्यामुळे तेवढ्या भागात चढ मुद्दाम किंचित सौम्य ठेवतात. हे एकदा कळले की डोंगराला वळसा का घातला आणि बोगदा नेमका तिथेच का खोदला, हे मूल आपोआप विचारू लागते.

कष्ट पाहायचे असतील तर पुण्याकडून साताऱ्याकडे येणाऱ्या गाड्यांची वाट पाहा, कारण लोणंदच्या बाजूने चढ आहे. मुंबईहून सकाळी सुटणारी कोयना एक्स्प्रेस दुपारी हा घाट चढते. तिची मला विशेष ओढ आहे. एकाच दिवसात ती बोरघाट मागच्या इंजिनांच्या आधाराने आणि आदर्कीचा घाट एकटीच्या बळावर चढते. मात्र खरे दृश्य भरलेल्या मालगाडीचे असते. मालगाड्यांचे वेळापत्रक प्रवाशांना कळत नाही, म्हणून शिदोरी बांधून न्यावी आणि दिवस मोकळा ठेवावा.

उत्तर : मिरज जंक्शन

वरील उत्तराशी मी सहमत आहे. पुणे-मिरज मार्ग 1971 मध्ये अरुंद मीटरगेजचा रुंद ब्रॉडगेज झाला. त्यापूर्वी साताऱ्याचे प्रवासी पाडळीजवळच्या सातारा रोड स्थानकावर उतरत असत; आजचे माहुलीजवळचे स्थानक नव्या मार्गाबरोबर आले. माझ्या पिढीने या घाटात डिझेल इंजिनांचा घुमणारा आवाज ऐकला आहे. चालक एकेक नॉच, म्हणजे इंजिनाच्या जोराचा टप्पा, वाढवत गेला की तो आवाज बदलत असे आणि गाडी दिसण्याच्या कितीतरी आधी दरीतून ऐकू येत असे. विद्युतीकरणानंतर तो राहिला नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. तरीही विजेच्या इंजिनाकडे कान देऊन उभे राहावे. रिमझिम पावसात रुळावरची धूळ ओली होऊन निसरडा थर तयार होतो, चाके जागीच फिरू लागतात आणि पकड मिळावी म्हणून इंजिन चाकांपुढे वाळू सोडते. मुसळधार पाऊस मात्र रूळ धुऊन काढतो, म्हणून पहिल्या सरींचा त्रास अधिक. दिवाळीत अवकाळी पाऊस आला तर त्याचा कंटाळा करू नका.

उत्तर : चावीवाल्याची मुलगी

माझे वडील रेल्वेत चावीवाले होते. हातोडा घेऊन ते रोज ठरलेल्या पट्ट्यातून चालत आणि रूळ घट्ट धरून ठेवणाऱ्या चाव्या तपासत. आपल्याला असा माणूस दिसला तर पुतण्याला अवश्य दाखवा. गाडी घाटातून निर्धास्त जाते ती त्याच्यामुळे. आणि कृपया बोगद्यात किंवा रुळांवर पाऊलही टाकू नका. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 नुसार विनापरवाना प्रवेशाला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि वरच्या तारेत 25,000 व्होल्टचा प्रवाह असतो. तारेच्या आसपास छत्री किंवा सेल्फीची काठी उंच धरू नका.

गाडी गेल्यावर लगेच पाठ फिरवू नका. शेवटच्या डब्यावरची फुली पाहा. ती दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली, चढावर कपलिंग तुटून डबे मागे राहिले नाहीत, हे स्थानकावरच्या माणसाला कळते.

प्रश्नकर्ता : कोरेगावकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आम्ही काल जाऊन आलो. कोयना थोडी उशिरा आली. त्यानंतर दीड तास काहीच आले नाही आणि पुतणा कंटाळला, तेव्हा मी त्याला खालच्या ओढ्याचे पाणी दाखवून विचारले की हे नीरेला मिळेल की कृष्णेला. तो उत्तर शोधत असतानाच खालून मालगाडीचा भोंगा ऐकू आला. पुढे दोन इंजिने होती आणि गाडी इतकी सावकाश चढत होती की त्याला सगळे डबे मोजता आले. ते 58 भरले. शेवटची फुली दिसेपर्यंत तो जागचा हलला नाही.