अन्ननलिकेचा कॅन्सर, चौथी स्टेज: 'किती काळ' हे नीट कसं समजून घ्यायचं?

कृष्णाकाठ

मामांचं वय ६३, मिश्री आणि तंबाखू अनेक वर्षं. रिपोर्टमधलं जसंच्या तसं देतो. एंडोस्कोपीत दातांपासून २६ ते ३२ सेंमीवर गाठ, स्कोप पुढे जात नाही. बायोप्सी: स्क्वेमस सेल कार्सिनोमा (अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर). पेट-सीटीत (रोगाची जागा चमकून दिसते तो स्कॅन) यकृतात तीन डाग, डाव्या गळ्याच्या हाडामागे गाठ. चार महिन्यांत वजन ५८ वरून ४७ किलो. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) २.९. सध्या पातळ पेज आणि ताक एवढंच उतरतं. निम्म्याहून जास्त दिवस पडून असतात, संडास-बाथरूमला मात्र स्वतः जातात.

एक डॉक्टर म्हणाले, तीन महिने. दुसरे म्हणाले, केमो आणि इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला रोगाशी लढायला लावणारी औषधं) दिली तर वर्षभर. तिसरे म्हणाले, सांगता येत नाही. कुणाचं धरायचं? केमोला 'हो' म्हणायचं की नाही, हे ठरवायला काय बघायचं? आणि मामी म्हणतात की मामांना काहीच सांगू नका. धीर देणारे मेसेज नकोत, माहिती हवी आहे.

उंबरा

तिघांनी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आहेत, म्हणून ती जुळत नाहीत. पहिल्यांनी 'आज आहेत तसेच राहिले तर' याचं उत्तर दिलं. दुसऱ्यांनी 'उपचार झेपले तर' याचं. मामांवर अजून उपचार झालेले नाहीत, म्हणून तिसऱ्यांनी हात राखून ठेवला. तिघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

आधी एक खात्री करून घ्या. 'ॲडव्हान्स्ड' हा शब्द दोन अगदी वेगळ्या परिस्थितींना वापरतात. रोग छातीतच, आजूबाजूच्या गाठींपुरता असेल तर रेडिएशन-केमो आणि जमल्यास ऑपरेशन बरं करण्याच्या हेतूने देतात. तिथे पाच वर्षांनंतरही बरेच रुग्ण हयात असतात. रिपोर्टमध्ये 'एम१' असेल, म्हणजे यकृत, फुफ्फुस किंवा हाडात रोग पोचला असेल, तर हेतू बदलतो: आयुष्य लांबवणं आणि गिळणं सुसह्य करणं. यकृतातले डाग खरंच रोगाचेच असतील तर मामा या दुसऱ्या गटात येतात. 'तेच आहेत ना, की साधी गाठ किंवा सिस्ट असू शकते?' एवढं विचारायला हरकत नाही. पेटवर चमकणारे तीन डाग सहसा साधे नसतात, पण शंका असेल तर सुई टाकून तपासता येतात.

आता 'वर्षभर' हा आकडा कुठून आला ते पाहू. तो मध्यक आहे, म्हणजे शंभर रुग्णांपैकी पन्नास त्याआधी जातात आणि पन्नास त्यापुढे जगतात. कीनोट-५९० या चाचणीत केमोसोबत पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिल्यावर मध्यक १२.४ महिने होता, नुसत्या केमोवर ९.८. चेकमेट-६४८ मध्ये केमोसोबत निवोलुमॅब या तशाच औषधाने १३.२ महिने, नुसत्या केमोने १०.७. ज्यांच्या गाठीत पीडी-एल१ (इम्युनोथेरपी लागू पडेल का याचा अंदाज देणारं प्रथिन) एक टक्का किंवा जास्त होतं त्यांच्यात फरक मोठा: १५.४ विरुद्ध ९.१. म्हणून बायोप्सीच्या ब्लॉकवर (मेणात जपलेल्या तुकड्यावर) पीडी-एल१ तपासणी झाली आहे का ते विचारा. ब्लॉक लॅबमध्ये ठेवलेला असतो, नवीन बायोप्सी लागत नाही.

मध्यकाचा टप्पा करून बघायची एक ढोबळ रीत कॅन्सरचे डॉक्टर वापरतात. मध्यक १२ महिने असेल तर साधारण निम्मे रुग्ण त्याच्या अर्ध्यापासून दुपटीपर्यंत, म्हणजे ६ ते २४ महिने जगतात. दहातला एक जण मध्यकाच्या पाव भागाच्या आतच, म्हणजे तीन महिन्यांत जातो. दहातला एक तिप्पट किंवा त्यापुढे, म्हणजे तीन वर्षं गाठतो. डॉक्टरांना 'किती दिवस?' असं विचारू नका. 'चांगलं गेलं तर किती, साधारण किती, वाईट गेलं तर किती?' असं विचारा. उपचारासह आणि उपचाराशिवाय, दोन्हींचं उत्तर घ्या. तीन महिने आणि वर्ष यांतला गोंधळ तिथेच सुटेल.

पण मामांच्या बाबतीत एक मोठा 'पण' आहे. वर दिलेल्या दोन्ही चाचण्यांत फक्त ईकॉग (रुग्ण किती हिंडू-फिरू शकतो याची श्रेणी) ० किंवा १ चे, म्हणजे हिंडते-फिरते रुग्ण घेतले होते. ईकॉग २ म्हणजे स्वतःचं सगळं करतो, काम करू शकत नाही, पण जागेपणाच्या निम्म्याहून जास्त वेळ उठून असतो. ईकॉग ३ म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ पलंगावर किंवा खुर्चीत. तुमच्या वर्णनावरून मामा आज ३ मध्ये बसतात. तिथे वर्षभराचा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. एवढ्या अशक्त शरीराला केमोचा पूर्ण डोस दिला तर रक्तपेशी घसरणं, जंतुसंसर्ग, हगवण यांतच माणूस जाऊ शकतो. तो पहिल्या डॉक्टरांच्या तीन महिन्यांपेक्षाही लवकर.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. ही अशक्तता किती रोगाची आणि किती उपासमारीची? ५८ वरून ४७ म्हणजे १९ टक्के वजन गेलं. पेज-ताकावर माणूस दिवसाला ५०० कॅलरीही गाठत नाही. यकृतातल्या तीन डागांनी अजून यकृत निकामी केलेलं नसेल (यकृताचं काम दाखवणारं रक्तातलं बिलीरुबिन किती आहे?), तर या ईकॉग ३ मधला मोठा भाग भुकेचा असण्याची शक्यता बरीच आहे. खाण्याची वाट आधी उघडायची, दोन-तीन आठवडे नीट अन्न द्यायचं आणि मग पुन्हा ईकॉग बघायचं. २ वर आले तर हलक्या डोसची केमो हा खरा पर्याय होतो. पोट भरूनही पडूनच राहिले तर ती कमजोरी रोगाची, आणि केमोचा आग्रह सोडायचा. आजच्या आज आकडा मागणं म्हणूनच घाईचं आहे.

नंदादीप

उंबरा यांच्याशी सहमत. खाण्याची वाट कशी उघडायची ते लिहितो, कारण इथेच घरोघरी चुका होतात.

पर्याय तीन. नाकातून राईल्स ट्यूब: स्वस्त आणि लगेच होणारी. गाठीतून जायची असल्याने ती एंडोस्कोपीखाली तारेवरून घालावी लागते, वॉर्डात आंधळेपणाने ढकलू देऊ नका. दुसरा, धातूचा स्टेंट: एक-दोन दिवसांत गिळणं सुधारतं. त्रास म्हणजे पहिले काही दिवस छातीत दुखणं, स्टेंट सरकणं, वरून किंवा खालून गाठ वाढून पुन्हा बंद होणं. तिसरा, रेडिएशन: ५ दिवसांत २० ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक) किंवा १० दिवसांत ३० ग्रे. परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागतात, पण सुधारणा टिकते आणि रक्तस्रावही कमी होतो. आयुष्य थोडं असेल तर स्टेंट, काही महिने हाताशी दिसत असतील तर रेडिएशन आणि तोवर ट्यूब, असा साधारण हिशेब असतो. गिळताना प्रत्येक वेळी ठसका लागत असेल तर श्वासनलिकेला भोक पडल्याची शंका घ्या. तिथे वेळ घालवायचा नाही, आवरण असलेला स्टेंटच लागतो.

ट्यूब घातली की घरचे आनंदाने पहिल्याच दिवशी दोन लिटर दूध-अंडी ओततात. हे करू नका. कित्येक दिवस जवळजवळ उपाशी असलेल्या माणसाला एकदम भरपूर अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने खाली जातं, हृदयाचे ठोके बिघडतात. सुरुवात किलोमागे १० कॅलरींनी, म्हणजे ४७ किलोला दिवसाला ४७० च्या आसपास. पाच-सात दिवसांत वाढवत १२०० ते १४०० कॅलरी आणि ६० ते ७० ग्रॅम प्रथिनं. फीड सुरू करण्याआधीच थायमिन (बी१ जीवनसत्त्व) सुरू करायला डॉक्टरांना सांगा, आणि पहिला आठवडा ही तीन क्षारं तपासत राहायला.

एका वेळी १५० ते २०० मिली, दर दोन-अडीच तासांनी. ५० मिलीची सिरिंज, दट्ट्या काढून वर धरायची, अन्न आपल्या वजनाने खाली जाऊ द्यायचं. दट्ट्याने दाबलं की उलटी होते. डोकं ३० ते ४५ अंश वर, फीडनंतर तासभर तसंच. आधी आणि नंतर ३० मिली कोमट पाणी. नाकपुडीपाशी ट्यूबवर पेनने खूण करून ठेवा. ती सरकलेली दिसली तर फीड देऊ नका. ट्यूब तुंबते ती बहुतेक वेळा न गाळलेल्या वरणाने, घट्ट नाचणीने आणि जाडसर कुटलेल्या गोळ्यांनी. प्रत्येक गोष्ट बारीक गाळणीतून.

साबुदाण्याची पेज, नारळपाणी, मोसंबीचा रस यांनी पोट भरल्यासारखं वाटतं, प्रथिनं मात्र जवळजवळ शून्य. दूध, दुधाची पावडर, गाळलेलं मुगाचं कढण, मऊ उकडलेलं अंडं मिक्सरमधून काढून, थोडं तेल किंवा तूप, या गोष्टींनी आकडा गाठता येतो.

स्टेंट टाकलाच तर भाकरी, पोळीचे तुकडे, कच्ची मोड आलेली कडधान्यं, शेवग्याची शेंग, मटण विसरायचं. मऊ भात-वरण, खिमट, उपमा पातळ करून. प्रत्येक चार घासांनी दोन घोट पाणी. स्टेंट अन्ननलिकेच्या खालच्या तोंडापर्यंत गेला असेल तर आडवं होताच आम्ल वर येतं, पलंगाचं डोकं वर ठेवा.

पारिजात_मिरज

इम्युनोबद्दल एवढंच: पूर्ण मात्रेचा खर्च लाखांत जातो, त्यामुळे घर किंवा जमीन गहाण ठेवण्याआधी पीडी-एल१ बघा. टाटा मेमोरियलच्या २०२२ च्या अभ्यासात दर तीन आठवड्यांनी २० मिग्रॅ निवोलुमॅब तोंडी केमोसोबत दिल्यावर वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ वर गेलं. तो अभ्यास तोंड-घशाच्या कॅन्सरचा होता, अन्ननलिकेचा नाही. तरी परवडत नसेल तर डॉक्टरांपुढे हा विषय काढायला हरकत नाही. केमो-रेडिएशनसाठी महात्मा फुले योजनेत बसतं का ते दाखल होण्याआधी आरोग्यमित्राला (रुग्णालयातला योजनेचा माणूस) विचारा. आधी पैसे भरून नंतर योजना लावायला गेलं की हेलपाटे होतात.

मामींच्या प्रश्नावर माझं मत स्पष्ट आहे. मामांना सगळं सांगायची सक्ती नको, पण त्यांना विचारल्याशिवाय लपवायचंही नाही. 'मामा, रिपोर्टबद्दल तुम्हाला डॉक्टरांकडून स्वतः ऐकायचंय, की मी ऐकून पुढचं ठरवू?' असं विचारा. ते म्हणाले 'तूच बघ', तर प्रश्न मिटला. बहुतेकांना अर्धं आधीच कळलेलं असतं. मृत्युपत्र करायचं असेल तर नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार हवेत आणि ज्याला मालमत्ता मिळणार तो साक्षीदार नको. व्हेंटिलेटरवर टाकायचं की नाही हेही मामांना सही करता येते तोवर लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असं इच्छापत्र मान्य केलं. २०२३ पासून दोन साक्षीदारांसह नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करता येतं, मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही.

कृष्णाकाठ

बिलीरुबिन ०.९ आहे. ट्यूबसाठी उद्याची वेळ घेतली. घरी असताना कशावरून ओळखायचं की आता उतरण लागली? आणि कोणत्या गोष्टीला 'आता शेवट आला' समजून सोडून द्यायचं नाही?

उंबरा

०.९ चांगलं आहे, यकृत अजून साथ देतंय.

बदलाचा वेग बघा. महिन्या-महिन्याने खालावत असतील तर हाताशी महिने आहेत. आठवड्या-आठवड्याने फरक पडत असेल तर आठवडे, रोज फरक दिसत असेल तर दिवस. वहीत दर रविवारी तीनच गोष्टी लिहा: वजन, दिवसभरात किती तास उठून बसले, गिळणं (घन, मऊ, पातळ, काहीच नाही). डॉक्टरांना या वहीतून जास्त कळतं, 'जरा बरं वाटतंय' यातून काही कळत नाही. केमो सुरू झाली तर दोन-तीन महिन्यांनी स्कॅन होईल. त्याआधीच 'कशावरून थांबवायची' हे विचारून ठेवा.

रक्ताची मोठी उलटी ही भीतीदायक शक्यता असते. गडद रंगाचे टॉवेल हाताशी, रुग्णाला डाव्या कुशीवर, आणि शांत करणारं औषध पॅलिएटिव्ह (त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या) डॉक्टरांकडून आधीच घरी आणून ठेवलेलं. थोडं रक्त पडून थांबलं तरी त्याच दिवशी कळवा, मोठ्या स्रावाआधी कधी कधी असा छोटा होतो. पॅलिएटिव्ह टीमशी आत्ताच जोडून घ्या, शेवटच्या आठवड्यात नाही. मॉर्फीन लागलं तर घ्या. नीट मात्रेत दिलं तर त्याने आयुष्य कमी होत नाही. सोबत रेचक मात्र पहिल्या दिवसापासून.

सोडून द्यायचं नाही त्यात पहिलं म्हणजे ताप आणि खोकला. तो न्यूमोनिया असू शकतो, अँटिबायोटिकने उतरतो. दुसरं, दोन-तीन दिवसांत आलेली गुंगी, असंबद्ध बोलणं, खूप तहान, बद्धकोष्ठ. घरचे म्हणतात रोग डोक्यात गेला. या प्रकारच्या कॅन्सरमध्ये रक्तातलं कॅल्शियम वाढूनही हेच होतं, आणि सलाईन व झोलेड्रोनिक ॲसिडच्या एका इंजेक्शनने दोन-चार दिवसांत माणूस बऱ्याचदा पुन्हा बोलू लागतो. कॅल्शियम तपासताना अल्ब्युमिनही तपासायला सांगा. मामांच्या २.९ ला नुसता कॅल्शियमचा आकडा कमी दिसेल, त्यात साधारण ०.९ मिळवून वाचायचा. म्हणजे रिपोर्टवर १०.५ आलं तरी ते खरं ११.४ आहे.