ग्रंथालयाचा तास पक्का हवा की नको? (शाळेतली पुस्तकं, प्रकल्प आणि शोधायला शिकणं)

ओढ्याकाठी (धागा सुरू करताना)

सातवीच्या वर्गाला 'साप' या विषयावर प्रकल्प दिला की आठवड्याने अख्ख्या वर्गाच्या वह्यांत एकच मजकूर येतो. चित्रं स्टेशनरीच्या दुकानातल्या तक्त्यातून कापलेली, माहिती घरच्या मोबाइलवरून जशीच्या तशी उतरवलेली, वहीला चकचकीत कव्हर. आकारिक मूल्यमापनाचे (वर्षभरातल्या कामाचे) गुण पडतात आणि गठ्ठा कपाटावर जातो. त्याच कपाटात ग्रंथालयाची पुस्तकं असतात, आणि किल्ली ऑफिसात.

मी जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत शिकवते. माहिती शोधणं, ताडून पाहणं आणि स्वतःच्या शब्दांत मांडणं शिकायची शाळेतली हक्काची जागा म्हणजे ग्रंथालय, असं माझं ठाम मत आहे. वेगळी खोली किंवा संगणक नाही म्हणून हे काम अडत नाही. कपाट बंद असतं आणि प्रश्न मुलांचा नसतो, म्हणून अडतं. प्रश्न आपण दिलेला असला की मुलं उतरवून मोकळी होतात.

कायदा आपल्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींसकट सर्व विषयांची पुस्तकं असलेलं ग्रंथालय सांगितलंय. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. पुस्तकं येतात, दाखल नोंदवहीत (आलेल्या पुस्तकांच्या क्रमवार यादीत) चढतात, शिक्का बसतो. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी टेबलावर मांडून फोटो निघतात. मग पुन्हा कपाटात.

आमच्याकडे नागपंचमीच्या आधी वर्गात वाद झाला, साप दूध पितो का? मी उत्तर दिलं नाही. प्रश्न फळ्यावर लिहिला, प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहिला आणि ग्रंथालयाच्या तासाला सगळी पुस्तकं सतरंजीवर मांडली. एका मुलीने सापांवरचं पुस्तक उचललं आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली. मागे शब्दसूची आहे हे तिला दाखवलं. तिने 'दूध' शोधलं. नव्हतं. "बाई, पुस्तकात नाहीये." शेजारची म्हणाली, "अगं, अन्न बघ ना." 'अन्न' होतं, पुढे पानाचा आकडा होता. त्या पानावर बेडूक, उंदीर, पाली, अंडी. दुधाचं नाव नाही. झालं, वाद मिटला, असं वाटत असतानाच तिसरी म्हणाली, "लिहायचं राहिलं असेल तर?" मग दुसरं पुस्तक निघालं. गारुडी सापाला कित्येक दिवस तहानलेला ठेवतात आणि मग तो समोर येईल ते पितो, असं त्यात होतं. पुस्तकाचं नाव, लेखक आणि पान मुलींनी न सांगता वहीत टिपलं, कारण घरी आजीशी वाद घालायचा होता.

एक शब्द सापडला नाही म्हणून दुसरा धरायचा, आणि पुस्तकात नाही म्हणजे ते खोटंच असं मानायचं नाही. हे त्या मुलींना अर्ध्या तासात समजलं. कुठल्याही प्रकल्पवहीने हे शिकवलेलं मी पाहिलं नाही. म्हणून आठवड्याला एक ग्रंथालय तास वेळापत्रकात पक्का असावा आणि त्या वेळी दुसरा कुठलाही विषय घेऊ नये. विरोधी मत असेल तर आवर्जून लिहा.

गणिताचा तास

बाई, प्रसंग फार छान आहे. पण तुमच्या सतरंजीवरच्या मुलींना वाचता येत होतं. माझ्या पाचवीत जोडाक्षरापाशी अडणारी मुलं आहेत. पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता येत नाही, हे 'असर' या शैक्षणिक पाहणीचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतायत. अशा मुलाच्या हातात शब्दसूची देऊन मी काय साधू? आधी वाचन पक्कं होऊ दे, शोध नंतर.

आणि तास काढायचा कुठून? आमची शाळा द्विशिक्षकी. एक जण प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्याकडे सगळे वर्ग, वर ऑनलाइन माहिती भरायची ती वेगळीच. त्यात शिष्यवृत्ती परीक्षा. किती मुलं पात्र ठरली हे पालक चौकात विचारतात. ग्रंथालयाचा तास कित्येक शाळांच्या वेळापत्रकात आजही छापलेला आहे आणि त्यात राहिलेलं गणित घेतलं जातं. मीही घेतो. भागाकार न येणारा मुलगा पुढच्या वर्गात गेला तर त्याचं नुकसान जास्त, असं मला मनापासून वाटतं.

दाखल क्रमांक

मी माध्यमिक शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल आहे. बाईंच्या हेतूबद्दल आदर आहे, पण एका गोष्टीला माझा सक्त विरोध. सतरंजी टाकली, पुस्तकं मांडली की ग्रंथालय झालं, हा सूर धोक्याचा आहे. शासनाला हेच ऐकायला हवं असतं. माध्यमिक शाळेत ग्रंथपालाचं पद पटावर (विद्यार्थिसंख्येवर) ठरतं, पट कमी की पद अर्धवेळ. प्राथमिक शाळेत तर पदच नाही. 'शिक्षक सांभाळतात की' असं आपणच म्हणू लागलो तर ते कधी मिळणारही नाही.

हे शिकून करायचं काम आहे. तुमचाच सापाचा प्रश्न घ्या. पुस्तकांना विषयानुसार आकडे देणाऱ्या ड्यूई वर्गीकरणात साप प्राणिशास्त्रात, ५९७ मध्ये. सर्पदंशावरचे उपचार ६१० च्या घरात, वैद्यकात. नागपंचमीची प्रथा आणि नागाच्या लोककथा ३९० च्या घरात. एकाच प्रश्नासाठी मुलाला तीन फळ्यांपाशी जावं लागतं, आणि तिथे गेल्यावर त्याला कळतं की प्राणिशास्त्र, वैद्यक आणि लोकपरंपरा एकाच सापाकडे तीन बाजूंनी बघतात. पुस्तकं सतरंजीवर सरमिसळ पडली की हे दिसत नाही.

गणिताच्या सरांना एक सांगावंसं वाटतं. 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत' हा ग्रंथालयशास्त्राचा पहिला नियम १९३१ मध्ये ज्यांनी मांडला, ते डॉ. रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होण्याआधी गणितच शिकवत होते.

आणखी एक अडचण. मुलांसाठीच्या मराठी माहितीपर पुस्तकांत शब्दसूची क्वचितच असते. तुमचं पुस्तक नशिबाने चांगलं निघालं. आमच्याकडे आठवीच्या मुलांना मी सूची नसलेलं पुस्तक देतो आणि गटाने त्याची सूची तयार करायला सांगतो. कुठला शब्द घ्यायचा, कुठला सोडायचा यावर इतका वाद होतो की पुस्तक दोनदा वाचून होतं. त्या सूच्या पुस्तकाच्या शेवटी चिकटवल्या आहेत, पुढची मुलं त्याच वापरतात.

घाटावरचा बाप

पालक म्हणून लिहितोय. तुम्ही सगळे कपाटाबद्दल बोलताय. माझी मुलगी कुठलाही प्रश्न पडला की आधी फोन घेते, आणि पुढेही तेच करणार. मग शोधायचं कौशल्य फोनवरच शिकवायला नको का? मराठी विश्वकोश अख्खा ऑनलाइन आहे, 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. कपाटातल्या जुन्या पुस्तकांपेक्षा हे कितीतरी जास्त.

स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांचा २०१७ मधला अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. इतिहासाचे प्राध्यापक, स्टॅनफर्डचे विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासणारे व्यावसायिक, यांना काही संकेतस्थळं पारखायला दिली. प्राध्यापक आणि विद्यार्थी त्याच पानावर वरून खाली वाचत बसले आणि नीटनेटक्या मांडणीला, भारदस्त नावाला फसले. तपासणारे लगेच त्या पानावरून बाहेर पडले आणि हे संकेतस्थळ चालवतं कोण, याबद्दल इतर काय म्हणतात, हे दुसऱ्या खिडक्यांत बघितलं. छापील पुस्तक मन लावून वाचायची सवय इथे अपुरी पडते. शाळा हे कधी शिकवणार?

ओढ्याकाठी

@घाटावरचा बाप, तपासणाऱ्यांनी जे केलं तेच तर त्या तिसऱ्या मुलीने केलं! एका पुस्तकावर न थांबता दुसरं उघडलं. ही सवय मी चार पुस्तकांत लावू शकते, कारण चार पुस्तकं मी आधी वाचलेली असतात आणि मूल कुठे अडलं ते मला दिसतं. फोनवर ते कुठून कुठे गेलं हे माझ्या हाती राहत नाही. फोन नको असं मी म्हणतच नाही. विश्वकोशातली 'साप' ही नोंद आम्ही त्याच तासाला माझ्या फोनवर काढली. भाषा सातवीला जड गेली, म्हणून एका परिच्छेदाचा अर्थ सगळ्यांनी मिळून लावला. आणि एक विसरू नका, तुमच्या मुलीला फोन मिळतो. आमच्याकडे घरातला एकमेव फोन संध्याकाळी बाबा शेतावरून आल्यावर मिळतो, तोही भावाला आधी.

@गणिताचा तास, तुमच्याशी माझा खरा मतभेद 'आधी वाचन, मग शोध' या क्रमाशी आहे. अडखळणाऱ्या मुलाला वाचायचं कारण हवं असतं. त्याच नागपंचमीला दोन मुलं पुस्तकातली चित्रं बघून त्याखालच्या ओळी लावत बसली होती. नाग, घोणस, मण्यार, फुरसं ही नावं त्यांना ऐकून माहीत होती, म्हणून अक्षरं जुळवता आली. 'प्रथम बुक्स'च्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पातळीनुसार लावलेल्या मराठी गोष्टी फुकट आहेत, छापून ठेवता येतात. पाचवीला शब्दसूची नको, पण 'या चित्रातला साप विषारी आहे का, ते कुठे लिहिलंय?' एवढं तर विचारता येईल.

@दाखल क्रमांक, पद हवंच, यात वाद नाही. पद येईपर्यंत कपाट बंद ठेवायचं का, एवढाच माझा प्रश्न. तुमची सूचीची कल्पना मात्र मी उचलणार.

माजी मुख्याध्यापक

किल्ली माझ्याच ड्रॉवरमध्ये असायची, म्हणून बोलतो. मुख्याध्यापकाला पुस्तकांचं वावडं नसतं. त्याला पुढच्या माणसाला चार्ज द्यायचा असतो, सगळं सामान मोजून ताब्यात द्यायचं असतं. बदली किंवा निवृत्तीच्या वेळी दाखल नोंदवही आणि कपाट जुळलं नाही, तर हरवलेल्या पुस्तकाची वसुली त्याच्याकडून होऊ शकते. फाटकं पुस्तकसुद्धा निर्लेखन होईपर्यंत (नोंदीतून रीतसर कमी होईपर्यंत) जपून ठेवावं लागतं. मग माणूस कुलूप लावतो. तुम्ही तास पक्का केलात तरी ही भीती गेली नाही तर कपाट उघडणार नाही. म्हणून नुसत्या तासाच्या मागणीला माझा पाठिंबा नाही.

केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत (२०१७, नियम २१५) याचं उत्तर आहे. वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणं रास्त धरावं, बेइमानी किंवा हलगर्जी नसेल तर, असं तिथे सरळ लिहिलंय. एक हजारापेक्षा जास्त किमतीच्या पुस्तकाची मात्र चौकशी व्हायची. हा नियम जिल्हा परिषदेच्या शाळेला आपोआप लागू होत नाही. पण मुलांच्या शाळांसाठी याहून थोडा सैल नियम काढा, अशी मागणी शिक्षक संघटनांनी लावून धरली पाहिजे. बदल्यांइतकीच जोरात.

दाखल क्रमांक

सर, याला शंभर टक्के अनुमोदन. पुस्तकं घरी जाऊ लागली की काही परत येणार नाहीत, काही भिजतील, काहींची पानं लहान भाऊ फाडेल. ग्रंथालय चालतंय म्हणून हे होतं. ज्या शाळेच्या नोंदवहीत वर्षभरात एकही पुस्तक गहाळ नाही, तिथली देवघेव वही मी आधी मागून घेईन.

गणिताचा तास

मुख्याध्यापक सरांचा मुद्दा पटला. तासाबद्दल माझं मत कायम आहे, वेगळा तास द्विशिक्षकी शाळेत टिकत नाही. बाई, तुमचा सापाचा प्रश्न मुळात परिसर अभ्यासाचा किंवा विज्ञानाचा होता. मग त्याच तासाला पुस्तकांची पेटी वर्गात आणा. गणिताला आणा म्हणालात तर मीही आणीन. गावातल्या विहिरींची खोली, पावसाचे आकडे, बाजारभाव यांवर पुस्तकं आणि जुनी वर्तमानपत्रं मिळाली तर माझ्या मुलांना सरासरी काढायला खरे आकडे मिळतील.

ओढ्याकाठी

पेटी चालेल, सर, पण ती रोज वर्गात उघडी राहिली तर. आकडे शाळेतल्याच रद्दीत आहेत. वर्तमानपत्रात बाजार समितीचे भाव येतात. मुलांना आधी अंदाज लिहायला सांगा, मग कात्रणं काढू द्या, आणि प्रत्येक कात्रणावर तारीख आणि पेपरचं नाव घालायला लावा. कांद्याच्या भावापासून सुरुवात करा. घरोघरी त्याचीच चर्चा असते, अडखळणारी मुलंसुद्धा तो आकडा आधी वाचतील.