हवा नाही, हब बघा

कारमागे कॅम्पर (ओढून न्यायचं चाकांवरचं घर) नेणाऱ्यांना 'चाक गरम लागलं की थोडी हवा सोडा' असा सल्ला दिला जातो, तो मला अजिबात पटत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात पळालेल्या टायरमधला दाब वाढणारच. तेव्हा हवा सोडली तर टायर गार झाल्यावर ती कमी पडते, आणि कमी हवेचा टायर उलट जास्त तापतो. हवा सकाळी निघण्याआधी, गार टायरमध्येच बघायची.

पण हबबद्दल, म्हणजे चाकाच्या मधोमध बेअरिंग असलेल्या भागाबद्दल, कुणीच बोलत नाही. मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून येताना मोहोळला चहाला थांबलो, आणि सवयीने कॅम्परच्या दोन्ही हबांजवळ हाताची मागची बाजू नेली. उजवा कोमट, डाव्याजवळ हात धरवेना! जॅक लावून चाक फिरवलं तर खरखर, वरखाली हलवलं तर ढिलेपणा, आणि चाकाच्या आतल्या बाजूने ग्रीसचे ओघळ. म्हणजे ऑइल सील (ग्रीस आत धरून ठेवणारी कडी) गेलं होतं. (खरखर नसती, चाक नुसतंच जड फिरलं असतं, तर संशय ब्रेकवर घेतला असता.) कारच्या गॅरेजवाल्याने कॅम्पर बघूनच हात वर केले. शेवटी उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने दोन तासांत बेअरिंग आणि सील बदलून दिलं. नट आवळताना तो चाक फिरवत राहिला, मग नट किंचित ढिला करून, तो फिरून सुटू नये म्हणून नवी कॉटर पिन घातली. जुनी वाकवून परत घालू दिली नाही. आता बेअरिंग-सीलचे नंबर दाराच्या आतून लिहून ठेवलेत आणि एक जोड कायम सोबत असतो.