मंडईतल्या आतषबाजीचा शेवटचा मिनिट कसा बांधावा?

बांधीकाठ:
नमस्कार मंडळी. भंडारा जिल्ह्यात, लाखांदूरकडे, आमच्या गावच्या मंडईत (दिवाळीनंतरच्या जत्रेत) रात्री नाटकाच्या आधी ८ मिनिटांची आतषबाजी ठेवली आहे. फोडणारा परवानाधारक ठेकेदारच आहे, क्रम मात्र आम्ही सांगायचा. शेवटासाठी राखलेला माल असा: ३ इंची शेल (नळीतून वर जाऊन फुटणारे गोळे) २४, साधारण ३० सेकंद चालणारे १०० शॉटचे केक (एकामागून एक शॉट सोडणारी खोकी) ३, आणि १२ चॅनलची फायरिंग पेटी (विजेने माल पेटवणारी, दर चॅनलला एक बटण). जागा म्हणजे धान कापलेली बांधी. सगळा माल एकदम सोडला की धुराशिवाय काही दिसत नाही, हे काहून होते? अन् टाळायचं कसं?

वातवाला:
धूर हेच कारण. दिवाळीनंतरच्या रात्री वारा पडलेला असतो आणि जमिनीलगतची हवा थंड, त्यामुळे धूर वर जात नाही, तिथंच थर धरून बसतो. मागून फुटणारे शेल त्या थराआड जातात. म्हणून शेवटाच्या आधीची २०-२५ सेकंदं मुद्दाम विरळ ठेवा, ५-६ सेकंदांनी एखादा शेल. तेवढ्यात धूर सरकतो आणि लोकांचे डोळेही अंधाराला सरावतात. वारा प्रेक्षकांच्या डावी-उजवीकडे वाहील अशी जागा धरा.

दुसरी चूक वेळेची. बटण दाबल्यापासून ३ इंची शेल फुटायला साधारण ३ सेकंद लागतात, केकचा पहिला शॉट जवळपास लगेच दिसतो. दोन्ही एकदम दाबले तर आकाशात एकत्र येत नाहीत. ठेकेदाराच्या मालाचा नेमका वेळ त्यालाच विचारा आणि क्रम बटणावर नाही, फुटण्यावर मांडा.

तुमच्या मालात मी असं करीन (सेकंद बटण दाबण्याचे):
० ला डावा-उजवा केक एका चॅनलवर. १२ ला मधला केक. १८, २०.५ आणि २३ ला दोन-दोन शेल. २५, २६.५, २८, २९.५ ला तीन-तीन. इथवर १८ शेल झाले. मग ४ सेकंद हात बांधून बसा. मधला केक तेवढा चालू राहील, वरचं आकाश काळं होईल, लोक टाळ्या वाजवायला लागतील. ३३.५ ला उरलेले ६ एकदम, सगळे सोनेरी विलो (पारंब्यांसारख्या ठिणग्या लोंबणारे). टाळ्यांच्या मधोमध ते फुटले पाहिजेत.

रंग जास्त मिसळू नका. एका टप्प्याला एक रंग, फार तर दोन. हिरवा रंग देणाऱ्या बेरियमवर बंदी असल्याने झणझणीत हिरव्याची आशा सोडाच.

तारजोड:
वरचा क्रम पटला. मात्र शेवटचे ६ शेल एकाच चॅनलवर नको. एक तार सुटली तर सगळा शेवट गेला. तीन-तीनचे दोन गट, दोन चॅनल, दोन्ही बटणं सोबत. एकूण ११ चॅनल होतात, बारावा राखीव.

एका चॅनलवरचे इग्निटर (विजेने शेल पेटवणाऱ्या काड्या) सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडा. पॅरलल, म्हणजे प्रत्येकाची वेगळी वाट असलेल्या, जोडणीत एक सैल निघाला तरी तपासणीत बाकीच्यांमुळे सर्किट पूर्णच दिसतं. सिरीजमध्ये एक तुटला की लगेच कळतं. तपासणी पेटीच्या स्वतःच्या टेस्टवरच, तीही नळ्यांजवळ कोणी नसताना. बल्ब लावून तपासणं म्हणजे तिथंच बार उडवणं.

शेलच्या नळ्या एचडीपीईच्या (चिवट प्लॅस्टिकच्या), एका नळीत एकच शेल, शेवटात पुन्हा भरणं नाही. नळ्यांच्या रॅकचं अरुंद टोक प्रेक्षकांकडे ठेवा, म्हणजे रॅक कलंडला तर आडवा पडेल, लोकांकडे नाही. बांधीची माती मऊ असते, दोन-चार धक्क्यांत रॅक खचून तिरपा होतो. खाली फळी टाका आणि दोन्ही बाजूंनी खुंट्या ठोका. तीन-तीनचे शेल वेगवेगळ्या रॅकमध्ये वाटा. एखादा शेल नळीतच फुटला तर शेजारच्या नळ्या तिरप्या होतात, आणि शेवटात थांबायला वेळ नसतो.

दव विसरू नका. संध्याकाळी मांडलेले केक ९ वाजेपर्यंत ओले होतात. वर पातळ प्लॅस्टिक पिशवी ताणून बांधा, शॉट ती फोडून जातात. जाड ताडपत्री मात्र फोडायच्या आधी काढायचीच.

धुऱ्यावरून:
विलोबद्दल माझं मत वेगळं. त्याच्या ठिणग्या बराच वेळ जळत खाली येतात. आजूबाजूला धानाचे पुंजणे आणि तणसाचे ढीग असतील तर शेवट लाल-चंदेरी गोल फुलांचा करा, ते वरच विझतात. विलोच हवा असेल तर वाऱ्याच्या दिशेला निदान १०० मीटर काही पेटण्यासारखं नको, अन् पाण्याचा टँकर त्याच बाजूला उभा करा.

लोकांना किती लांब ठेवायचं यासाठी अमेरिकेतल्या एनएफपीए ११२३ या आतषबाजीच्या सुरक्षा-नियमावलीचं माप सोपं आहे: शेलच्या दर इंचाला ७० फूट. ३ इंचीला २१० फूट, म्हणजे ६४ मीटर. बांबू-दोरी आधीच बांधा, पोरं पुढे सरकतातच.

कोणी म्हणेल शेवटी मोठी लड लावा. २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात जोडलेल्या लडींवर बंदी आहे, तेव्हा नाही. रात्री १० नंतर आवाजाचं काही फोडायचं नाही. नाटकाच्या घोषणा लांबल्या तर आतषबाजीच आधी उरकून घ्या.

बांधीकाठ:
फार आभार जी. पुंजणे पूर्वेला ७० मीटरवर आहेत, म्हणून विलो रद्द. शेवट लाल-चंदेरीच. एक राहिलं: एखादा शेल उडालाच नाही तर?

तारजोड:
पेटी बंद, चावी खिशात, १५ मिनिटं कोणी आत जायचं नाही. मग फक्त ठेकेदाराचा माणूस जाईल. नळीवर वाकून बघायचं नाही, पाणी ओतून तशीच सोडायची. न फुटता खाली पडलेले शेल रात्री टॉर्चने पूर्ण सापडत नाहीत. उजाडल्यावर पोरं बांधीत शिरायच्या आत पुन्हा एक फेरी, आणि सापडलेल्याला हात ठेकेदारच लावेल.